आखूड आयर्न डावीकडे, ड्रायव्हर उजवीकडे: दोष स्विंगचा की क्लबच्या मापाचा?

सातनंबरी (धागाकर्ता)

नमस्कार. गेली तीन वर्षे मी एकाच आयर्न संचाने (धातूच्या सपाट डोक्याच्या क्लबच्या संचाने) गोल्फ खेळत आहे आणि जवळजवळ तेवढाच काळ एका कोड्याशी झगडत आहे. ते इथे सविस्तर मांडतो, कारण अर्धवट माहितीवर मिळालेल्या सल्ल्यांनी माझे बरेच नुकसान झालेले आहे.

मी उजव्या हाताने खेळतो. पिचिंग वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा आयर्न) आणि नऊ नंबरच्या आयर्नचा फटका नीट बसला तरी चेंडू डावीकडे निघतो आणि पुढे आणखी थोडा डावीकडे वळतो. १०० मीटरवरून तो झेंड्याच्या चार-पाच मीटर डावीकडे पडतो, आणि घाई झाली तर त्याहूनही लांब जातो. सात नंबर मात्र सरळ जातो, आणि माझे इथले नाव त्या प्रेमापोटीच घेतलेले आहे. ड्रायव्हर (लांब फटक्यांचा मोठा क्लब) हातात घेतला की चेंडू उजवीकडे निघून उजवीकडेच वळत जातो. म्हणजे एकाच माणसाचा, एकाच सकाळचा स्विंग तीन वेगवेगळे निकाल देतो.

ड्रायव्हरसाठी प्रशिक्षकांकडे गेलो की ते फेस (क्लबहेडची चेंडूला लागणारी बाजू) डावीकडे बंद करायला, मनगटे मोकळी सोडायला सांगतात. तसे केले की वेज आणखी डावीकडे जातो. वेजसाठी हात धरून ठेवले की ड्रायव्हरचा स्लाइस (उजवीकडचे वळण) वाढतो. दोन्ही सूचना आपापल्या जागी बरोबर असाव्यात असे वाटते, परंतु दोन्ही एकत्र पाळता येत नाहीत.

आणखी दोन गोष्टी सांगतो. माझी उंची सहा फूट एक इंच आहे. संच घेताना दुकानदाराने केवळ उंची विचारली आणि अर्धा इंच लांब शाफ्टचे (दांड्याचे), दोन अंश अपराइट केलेले (शाफ्ट जास्त उभा राहील असे वाकवलेले) आयर्न सुचवले. दुसरे म्हणजे माझ्या वेजचा डिव्हॉट (फटक्याने जमिनीत पडणारी खाच) एकसारखा नसतो. माझ्या बाजूची कड खोल आणि पलीकडची कड जेमतेम खरवडलेली, अशी तिरकी खाच पडते. याचा काही अर्थ आहे का?

लोहार

डिव्हॉटचे निरीक्षण लिहिलेत हे फार बरे केलेत, कारण माझ्या मते उत्तर त्या तिरक्या खाचेतच आहे. मी गेली अनेक वर्षे क्लब वाकवणे, कापणे आणि जोडणे हे काम करतो आणि असे तिहेरी कोडे घेऊन येणारे खेळाडू पुन्हा पुन्हा पाहतो. उत्तर थोडे लांबेल.

प्रथम चेंडूच्या दिशेविषयी. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यतः आघाताच्या क्षणी फेस कुठे पाहतो यावर ठरते. ड्रायव्हरमध्ये फेसचा वाटा सुमारे ८५ टक्के, आयर्नमध्ये सुमारे ७५ टक्के, आणि उरलेला स्विंगच्या मार्गाचा. चेंडू पुढे किती वळणार हे फेस आणि मार्ग यांच्यातील फरकावर अवलंबून असते. कित्येक वर्षे याच्या उलट शिकवले गेले, आणि अजूनही सरावाच्या रेंजवर ते कानावर पडते. चेंडू आणि फेस एकमेकांना सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरते चिकटलेले असतात. तेवढ्या वेळात हातांना काहीही दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे त्या क्षणी फेस जिथे पाहत होता, तेच चेंडूचे नशीब.

आता लाय अँगल. क्लबचा तळ जमिनीवर सपाट टेकवला असता शाफ्ट आणि जमीन यांच्यात होतो तो हा कोन. सात नंबरसाठी तो साधारण ६२ अंशांच्या आसपास असतो. आघाताच्या वेळी टो (क्लबहेडचे खेळाडूपासून दूरचे टोक) वर राहिला, म्हणजे क्लब खेळाडूला जास्त अपराइट पडला, तर फेस डावीकडे पाहू लागतो. टो खाली गेला तर उजवीकडे. फेसला मागे कल (लॉफ्ट) आहे म्हणूनच हे घडते. लॉफ्ट शून्य असता तर तळ कितीही तिरका झाला तरी फेसची दिशा बदलली नसती. म्हणून लॉफ्ट जितका जास्त, तितका लायच्या चुकीचा परिणाम जास्त.

आकड्यांत पाहू. दोन अंश अपराइट, शिवाय अर्धा इंच लांबीमुळे पडणारा साधारण एक अंशाचा फरक, म्हणजे तुमचे आयर्न सुमारे तीन अंश अपराइट पडत असावेत. जुन्या पद्धतीच्या संचात सात नंबरचा लॉफ्ट ३४ अंश असतो. तिथे तीन अंशांच्या चुकीने फेस सुमारे दोन अंश डावीकडे पाहतो, आणि १४० मीटरवर नुसत्या दिशेतच पाच मीटरचा फरक पडतो. ४६ अंशांच्या वेजवर हीच चूक फेसला तीन अंशांहून थोडे अधिक डावीकडे वळवते. दहा अंशांच्या ड्रायव्हरवर मात्र ती अर्ध्या अंशाइतकीच उरते.

यावरून माझा तर्क असा आहे. चेंडू डावीकडे जातो हे पाहून तुमच्या हातांनी नकळत फेस दोन अंश उघडा धरून ठेवायची सवय लावून घेतली. सात नंबरवर डावीकडचे दोन आणि उजवीकडचे दोन यांची बरोबरी होते आणि चेंडू सरळ जातो. वेजवर तीनातून दोन गेले तरी एक अंश डावीकडे उरतो. ड्रायव्हरवर लायची चूक जवळजवळ नसतेच, त्यामुळे धरून ठेवलेले दोन अंश तसेच उजवीकडे दिसतात. तुमचा स्विंग तीन प्रकारचा नाही. तो एकच आहे, आणि त्याने चुकीच्या मापाच्या क्लबशी जमवून घेतलेले आहे.

खात्री करायला खर्च नाही. चेंडूवर जाड मार्करने एक रेघ काढा, ती फेसच्या बाजूला येईल अशी अगदी उभी ठेवा आणि फटका मारा. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. तो फेसवरील खाचांशी काटकोनात असेल तर लाय ठीक आहे. ठशाचे वरचे टोक टोच्या बाजूला झुकले असेल तर क्लब अपराइट पडतो. हीलकडे (शाफ्टच्या बाजूच्या टोकाकडे) झुकले असेल तर फ्लॅट, म्हणजे अपराइटच्या उलट. प्रत्येक क्लबने पाच-सहा फटके मारा, एकावर निर्णय करू नका.

डिव्हॉट

लोहार यांच्या भूमितीशी मी पूर्ण सहमत आहे, तरीही एक इशारा द्यावासा वाटतो. आघाताच्या वेळचा लाय हा क्लबमध्ये कोरलेला नसतो, तो स्विंगमधून तयार होतो.

उभे राहताना मूठ जिथे असते त्यापेक्षा आघाताच्या वेळी ती बहुतेक सर्वांची थोडी वर असते. शिवाय क्लबहेडचे वजन शाफ्टच्या रेषेबाहेर असल्यामुळे वेगात खाली येताना शाफ्ट वाकतो आणि टो जमिनीकडे ओढला जातो. म्हणून खेळाडूला नुसते उभे करून घेतलेल्या मापावर शेवटचा निर्णय करता येत नाही. आणि ज्यांना खाली येताना कंबर चेंडूकडे ढकलून पाठ उभी करायची सवय असते, त्यांची मूठ तर फारच वर उचलली जाते. असा खेळाडू लाय बोर्डवर (तळाचा ठसा दाखवणाऱ्या फळीवर) फटके मारतो, तळाचा ठसा टोच्या बाजूला येतो, आणि फिटर (क्लबचे माप बसवून देणारा) प्रामाणिकपणे क्लब अपराइट करून देतो. चेंडू सरळ जाऊ लागतो. मग सहा महिन्यांनी प्रशिक्षक त्याची कंबर मागे ठेवायला शिकवतो, मूठ खाली येते, आणि तोच क्लब चेंडू डावीकडे फेकू लागतो. खेळाडूला वाटते की नवे तंत्र चुकीचे आहे, आणि तो जुन्या दोषाकडे परत जातो. हे मी माझ्या डोळ्यांसमोर एका चांगल्या खेळाडूच्या बाबतीत घडताना पाहिले आहे आणि त्याची हळहळ अजून वाटते.

म्हणून माझा आग्रह असा की लायआधी स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू तपासावा. उत्तम खेळाडूंच्या मधल्या आयर्नमध्ये तो चेंडूच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला, सुमारे दहा सेंटीमीटरवर असतो. सात नंबर खाली येतानाच, साधारण चार अंशांनी उतरत चेंडूला लागतो आणि माती नंतर निघते. गवतावर चुन्याची किंवा स्प्रेची एक रेघ ओढा, रेघेवर चेंडू न ठेवता नुसते दहा स्विंग करा, आणि माती रेघेच्या कोणत्या बाजूला निघते ते पाहा. ती रेघेच्या मागे निघत असेल, किंवा प्रत्येक वेळी वेगळ्या जागी निघत असेल, तर क्लब वाकवण्याची वेळ अजून आलेली नाही. वजन मागच्या पायावर राहिले आहे किंवा मनगटे वरूनच सुटत आहेत, हे आधी पाहावे लागेल. फॅट आणि थिन हे दोन वेगळे आजार नाहीत. खालचा बिंदू मागे राहिला की कधी माती आधी लागते, तर कधी क्लब वर उठताना चेंडूच्या पोटाला लागतो.

सातनंबरी, तुमची खाच खोल-उथळ आहे हे कळले. ती सुरू कुठे होते, हे कृपया सांगा.

नवशिका

चर्चा वाचून पुष्कळ शिकायला मिळाले. मी चारच महिने खेळतो आहे आणि फटका दहापैकी तीन वेळा नीट बसतो. मी फिटिंग आताच करून घ्यावे का, की स्विंग पक्का होईपर्यंत थांबावे? दोन्ही सल्ले मला मिळालेले आहेत.

लोहार

नवशिका, लांबी, ग्रिपची जाडी आणि लाय ढोबळ मानाने आताच बघून घ्या. शाफ्टच्या बारकाव्यांसाठी थांबा. ढोबळ म्हणजे काय, तर उभे राहून मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. नुसत्या उंचीवरून माप काढणे हा या व्यवसायातील सर्वांत जुना आळस आहे. दोन सारख्या उंचीच्या माणसांचे हात सारखे लांब नसतात. सातनंबरी, तुमचेही ते अंतर मोजून पाहा. हात लांब निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही. आणि नवशिका, तुमचा क्लब फार लांब किंवा फार आखूड असेल तर शरीर वाकण्याची किंवा उठण्याची सवय लावून घेते, आणि पहिल्या वर्षात लागलेली सवय सुटायला फार वेळ घेते. एवढ्यासाठीच थांबू नका असे म्हणतो.

डिव्हॉट यांचा मुद्दा मला मान्य आहे आणि त्यावर मी एक व्यावहारिक उपाय करतो. पाठ उठवण्याचा दोष दिसला तर बोर्ड जितके सांगतो त्याच्या निम्मेच वाकवतो आणि काही महिन्यांनी खेळाडूला परत बोलावतो. फोर्ज केलेले (ठोकून घडवलेले) आयर्न दोन अंश इकडे-तिकडे सहज वाकतात आणि परतही आणता येतात. ओतीव धातूचे काही आयर्न मात्र कडक असतात. तिथे एकेका अंशाने जावे लागते आणि वारंवार वाकवणे धोक्याचे ठरते.

संथलय

लायची चर्चा रंगली आहे, पण फटका फेसवर नेमका कुठे बसतो यात लांबी आणि वजन यांचा हात फार मोठा असतो, तो इथे अजून आलेला नाही.

ड्रायव्हरचे पाहा. नियमांनुसार क्लब ४८ इंचांपर्यंत लांब चालतो, आणि २०२२ पासून स्पर्धांना स्थानिक नियमाने ४६ इंचांची मर्यादा घालता येते. दुकानात मिळणारे ड्रायव्हर बहुधा साडेपंचेचाळीस इंचांचे किंवा त्याहून लांब असतात, तर व्यावसायिक खेळाडूंपैकी कित्येक जण पंचेचाळीस किंवा त्याहून आखूड वापरतात. ज्यांचा स्विंग आपल्यापेक्षा कितीतरी स्थिर आहे ते आखूड क्लब निवडतात, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. वेग थोडा कमी झाला तरी चेंडू मध्यावर बसला की अंतर भरून निघते. ड्रायव्हरमध्ये चेंडूचा वेग क्लबहेडच्या वेगाच्या जास्तीत जास्त दीडपट होतो, आणि तो फक्त मध्यावरच्या फटक्याला. शिवाय मोठ्या हेडमध्ये वजनाचा मध्य फेसच्या बराच मागे असल्याने हीलला बसलेला चेंडू उजवीकडे वळण घेतो आणि टोला बसलेला डावीकडे. त्यामुळे स्लाइस दिसला की फेस उघडा होता असे लगेच ठरवू नये. चेंडू हीलला बसलेला असू शकतो. पायाच्या पावडरचा स्प्रे फेसवर मारून दहा फटके मारा, मग बोला.

शाफ्टच्या कडकपणाविषयी एवढेच की त्यावरील अक्षरांना सर्वमान्य मापच नाही. एका कंपनीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका कडक निघू शकतो. मला स्वतःला वजनाचा फरक फार जाणवला. हलके वाटावे म्हणून मी आयर्नला साठ-पासष्ट ग्रॅमचे ग्राफाइट शाफ्ट बसवून घेतले आणि माझी लयच हरवली. वरून खाली येताना हातांना क्लब कुठे आहे हे कळेनासे झाले, ते पुढे पळू लागले, मनगटे लवकर सुटू लागली आणि मी चेंडूमागची जमीन खणू लागलो. शंभर ग्रॅमच्या आसपासच्या स्टीलवर परतलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात माती चेंडूच्या पुढे निघू लागली. याच्या अगदी उलट अनुभव असलेले मित्रही मला आहेत: जड शाफ्टने शेवटच्या पाच होलवर त्यांचे खांदे थकतात आणि क्लब बाहेरून येऊ लागतो. म्हणून ताजेतवाने असतानाच नव्हे, तर थकल्यावरही वेगवेगळ्या वजनाचे क्लब मारून पाहावेत, असे मी आवर्जून सांगेन.

सातनंबरी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. सात आठवडे लिहिले नाही, कारण आधी करून पाहायचे ठरवले होते.

डिव्हॉट यांच्या प्रश्नाचे उत्तर: रेघेची चाचणी दोन वेगळ्या दिवशी केली. माती बहुतेक वेळा रेघेवरच किंवा तिच्या पुढे दोन बोटांवर निघाली. दहापैकी एकदा मागे. तेव्हा खालचा बिंदू फार वाईट नाही असे समजून पुढे गेलो.

मार्करची चाचणी केली तेव्हा मी अक्षरशः फेसकडे बघत उभा राहिलो. नऊ नंबरच्या फेसवर सहा फटक्यांचे सहा ठसे, आणि सहाही ठशांची वरची टोके टोच्या बाजूला कललेली, जणू वाऱ्याने एका बाजूला झुकवलेले गवत. सात नंबरवरही तोच कल होता. चेंडू सरळ जात होता आणि ठसा तिरका होता! तीन वर्षे ज्या क्लबवर मी सर्वांत जास्त विश्वास ठेवला, तोही माझ्या हातांनी सांभाळून घेतलेला होता. मनगटापासूनचे माप घेतले. माझ्या उंचीच्या मानाने हात बरेच लांब निघाले. अर्ध्या इंचाची गरज मुळात नव्हतीच.

आयर्न फोर्ज केलेले असल्याने सर्व दोन अंश फ्लॅट करून घेतले. लांबी अजून तशीच ठेवली आहे. आता जे कोणीच बजावले नव्हते ते सांगतो. पहिले दोन आठवडे सगळे बिघडले. सात नंबर उजवीकडे जाऊ लागला. माझे हात जुन्या सवयीने फेस धरूनच ठेवत होते, आणि आता समोर तोलायला काहीच उरले नव्हते. एका संध्याकाळी तर संच परत वाकवून घ्यावा असे ठरवूनच घरी आलो होतो. तिसऱ्या आठवड्यात कमरेच्या उंचीपर्यंतचे अर्धे स्विंग करत, उजवे मनगट-कोपर न धरता क्लबला पुढे वळू द्यायचा सराव केला, आणि हळूहळू सात नंबर पुन्हा सरळ झाला. नंतर वेज. आणि ज्याला मी हातही लावला नव्हता तो ड्रायव्हर आपोआप सुधारला. पूर्ण सरळ नाही, पण चेंडू आता मैदानात राहतो. प्रशिक्षकांची मनगटे मोकळी सोडण्याची सूचना पहिल्यापासून योग्य होती. मला ती पाळता येत नव्हती, कारण ती पाळली की वेज डावीकडे जायचा.

संथलय, स्प्रेने पाहिले तेव्हा ड्रायव्हरचे दहापैकी सहा फटके हीलच्या बाजूला निघाले. ग्रिपवर एक इंच खाली धरून मारतो आहे, तेव्हापासून ठसे मध्याकडे सरकले आहेत.

वेजचा डिव्हॉट आता बराच एकसारखा पडतो, माझ्या बाजूची कड अजून किंचित खोल आहे. आयर्न अर्धा इंच कापून घ्यावेत का?

डिव्हॉट

फार समाधान वाटले. एकच विचारतो, चाचण्या गवतावर केल्यात ना? मॅटवर क्लब चेंडूमागे टेकला तरी घसरत पुढे जातो आणि फॅट फटकाही चांगला वाटतो. मॅटवरच्या आकड्यांवर विसंबून कोणी क्लब बदलू नये.

सातनंबरी (धागाकर्ता)

होय, दोन्ही दिवस गवतावरच. मॅटवर मला तो एक मागचा फटका कळलाच नसता.

लोहार

कापायची घाई करू नका. अर्धा इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड वाटते याचे माप) सुमारे तीन अंकांनी उतरते, म्हणजे डी-२ चा क्लब सी-९ होतो आणि हेड हातात हरवल्यासारखे वाटते. ते परत आणायला हेडवर सहा ग्रॅमच्या आसपास शिशाची पट्टी लावावी लागते. आधी फक्त नऊ नंबरवर ग्रिप अर्धा इंच खाली धरून महिनाभर खेळा आणि मार्करचा ठसा पुन्हा घ्या. तो सरळ आला तर तेवढा एकच क्लब कापून पाहू.

आणखी एक. लाय वाकवताना लॉफ्ट नकळत थोडा हलू शकतो, म्हणून सर्व क्लबचे लॉफ्ट पुन्हा मोजून घ्या, विशेषतः वेजचा. वेजचा लॉफ्ट एक अंशाने कमी झाला की तळाचा बाउन्सही (क्लबला मातीत रुतू न देणारा कोनही) एक अंशाने कमी होतो, आणि मऊ मातीत तो लगेच रुतू लागतो. ठसे घ्याल तेव्हा नऊ आणि वेज दोन्हींचे घ्या आणि इथे लिहा.